मिठातली हत्यारं

१

पद्मिनीबाईंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. मिरजेच्या एका हॉस्पिटलात अडतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला इंग्रजी येतंच, फक्त ते सगळं थिएटरमधलं असतं. ‘येस सर’, ‘रेडी सर’, ‘काउंट करेक्ट सर’. लेकीकडे डब्लिनला आल्यावर दाराशी येणाऱ्या माणसांपुढे यातलं काहीच कामाला येईना, म्हणून त्यांनी एक वाक्य नव्याने कमावलं. कम अगेन. पार्सलवाला आला, कम अगेन. मीटर बघायला माणूस आला, कम अगेन. एकदा धर्माची पत्रकं वाटणारे दोन तरुण आले. निहारिकाने पंधरा मिनिटं खपून त्यांना वाटेला लावलं, तर आईने फाटकापर्यंत गेलेल्या त्या दोघांना हाक मारून कम अगेन म्हटलं. पुढच्या शनिवारी ते दोघे खरंच परत आले.

"आई, असं सगळ्यांना नाही म्हणायचं इथं," निहारिका वैतागून म्हणाली.

"मग काय ‘जा’ म्हणायचं? दारातनं माणूस निघालं की ‘जा’ म्हणतात होय गं?"

तीन महिन्यांसाठी आलेली आई, क्लोनडॉकिनमधलं छोटं भाड्याचं घर, सकाळी सातला बाहेर पडायचं आणि चारला परत यायचं. निहारिका एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात होती. उपकरणं खरोखर निर्जंतुक झाली की नाही हे तपासून सही करणं हे तिचं काम. "मी जे कुकरात उकळत होते, त्याचा तू कारखाना काढलास," असं आई कौतुकाने म्हणायची. वडील गेल्यापासून सहा वर्षांत आई इतकी खुशीत तिने पाहिली नव्हती, आणि आपल्याला याचं किती बरं वाटतंय हे तिला रोज संध्याकाळी बूट काढता काढता कळायचं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी शेजारची नूला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. नूला सत्तरीची, एकटी, आणि विक्का पंथाची, म्हणजे चेटकिणींची जुनी विद्या मानणारी. हे ती लपवत नसे आणि त्याचा गाजावाजाही करत नसे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, त्यानंतर तीन आठवडे नर्सिंग होम.

"एवढं ठेवशील? हॉट प्रेसमध्ये ठेव, तिथे कोरडं असतं," ती म्हणाली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. इथं प्रत्येक घरात असतं.

डबा खड्याच्या मिठाने भरलेला होता. नूलाने बोटांनी मीठ जरा सारलं. आत काळ्या मुठीचा दुधारी चाकू, चांदीचा छोटा पेला, हातभर लांबीची एक काठी आणि तारा कोरलेली तांब्याची तबकडी. नूलाला जिने सगळं शिकवलं ती बाई उन्हाळ्यात वारली. ही तिची हत्यारं. महिनाभर मिठात ठेवून त्यांतून तिच्या हाताची ओळख धुऊन काढायची आणि मग ऑक्टोबर संपता संपता नूला ती विधिपूर्वक स्वतःची करून घेणार होती.

"मग तुमच्याच घरी का नाही ठेवत?"

"रिकाम्या घरात रिकाम्या वस्तू ठेवायच्या नाहीत, असं आमच्यात मानतात. सध्या ती कुणाचीच नाहीत ना." नूला हसली. "तशी ग्रँड आहेत, काही त्रास नाही. फक्त त्यांना कुणी ‘या’ म्हणू नका म्हणजे झालं."

ही आयरिश लोकांची चेष्टा समजून निहारिकाही हसली.

२

दसऱ्याच्या सकाळी आईने पाट मांडला. थिएटरमध्ये दरवर्षी दसऱ्याला हत्यारांची पूजा होत असे, चिमट्यांना आणि सुऱ्यांना झेंडूची फुलं वाहिली जात. ती सवय सुटणार कशी? पाटावर निहारिकाचा लॅपटॉप आला, स्क्रूड्रायव्हरचा संच आला, आणि मध्यभागी आईची टाके कापायची कात्री.

त्या कात्रीची गोष्ट निहारिकाने शंभर वेळा ऐकली होती. नोकरीचं तिसरं वर्ष, वीज गेलेली, बॅटरीच्या उजेडात सिझेरियन. सगळे गडबडले होते, पण पद्मिनी सिस्टरने हातातलं एकही हत्यार चुकीचं दिलं नाही. मूल रडल्यावर मोठ्या डॉक्टरांनी ती कात्री तिलाच देऊन टाकली. तिच्या मुठीवर नंतर सोनाराकडून ‘प’ कोरून घेतलेला होता.

"आणि शेजारणीची हत्यारं?" आई म्हणाली.

"राहू दे गं. त्यांचं काहीतरी वेगळं असतं."

"वेगळं काय त्यात? ती तिकडं खाटेवर पडलीय बिचारी. सणाच्या दिवशी तिची हत्यारं कपाटात कोंडून ठेवायची होय? आण की इकडं."

निहारिकाने आणली. नाही म्हणायला तिच्याकडे काही कारणही नव्हतं. आईने ती नळाखाली धुतली, पंच्याने पुसली, "मिठात कशाला घालतात बाई, गंज चढेल की," असं पुटपुटत पाटावर मांडली. अनामिकेने हळद, अनामिकेनेच कुंकू. फुलं शेवंतीची, कारण झेंडू मिळाले नाहीत. मंत्र काही आईला येत नव्हते. तिने चिमूटभर अक्षता घेतल्या, डोळे मिटले आणि घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तशा आपुलकीने म्हणाली, "या. बसा. हाताला यश द्या."

तेवढ्यात निहारिकाचा फोन वाजला. कारखान्यात एका यंत्राचं तापमान मध्येच पडलं होतं आणि पूर्ण बॅचचा निर्णय तिच्या सहीसाठी अडला होता. ती गेली, रात्री उशिरा आली. दुसऱ्या दिवशी आई सर्दीने अंथरुणात. नूलाला कळलं तर काय वाटेल या धास्तीने निहारिकाने चारही वस्तूंवरचं कुंकू कागदाने पुसलं, त्या मिठात पुरल्या आणि डबा हॉट प्रेसमध्ये ठेवून दिला. अक्षता टाकून पूजा हलवायची असते, ती राहूनच गेली.

३

मंगळवारी चारला घरी आल्यावर निहारिकाला ओट्यावर कात्री दिसली. निथळत ठेवल्यासारखी, पाती उघडी. तिच्यावर मिठाचा पांढरा थर वाळलेला होता.

"आई, कात्री मिठाच्या पाण्यात धुतलीस?"

"मी कशाला? तूच काढली असशील."

निहारिकाने ती साध्या पाण्याने धुऊन आईच्या पेटीत ठेवली. बुधवारी ती पुन्हा ओट्यावर होती. आता तिच्या मुठीवर कुंकू होतं, ओलं. आणि ते बोट आईचं नव्हतं. आई अनामिकेने गोल टिकली लावते. हा खालून वर ओढलेला रुंद पट्टा होता, अंगठ्याने ओढतात तसा. पट्ट्याचं एक टोक पुसून बघितलं तर खालचं ‘प’ अक्षर गेलेलं. झिजलेलं नव्हतं, तिथलं पोलाद गुळगुळीत होतं, कधी काही कोरलंच नसावं इतकं.

हा प्रकार तिला अजिबात आवडला नाही. पण आई समोर बसून वाटाणे सोलत होती, रेडिओवर कुणीतरी पावसाचा अंदाज सांगत होतं, आणि पावसाच्या अंदाजासमोर माणूस घाबरणार तरी किती. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आई, ही कात्री तुला कोणी दिली होती गं?"

आईने कात्री हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ही? ही तुझी नाही व्हय?"

"सिझेरियनची गोष्ट, आई. वीज गेली होती."

"कुठं वीज गेली?" आईने काळजीने दिव्याकडे पाहिलं.

निहारिकाचा धक्का लागून वाटाण्याचं भांडं खाली पडलं. वाटाणे फ्रिजखाली गेले, आणि ते गोळा करायला वाकलेली आई "धांदरट कुठली" म्हणून हसत होती. तिच्यात बाकी काहीही बदललेलं नव्हतं.

४

वय चौसष्ट. परका देश, सर्दीची औषधं, अपुरी झोप, बी-ट्वेल्व्ह. निहारिकाने ही सगळी कारणं वहीत ओळीने लिहिली आणि डॉक्टरची वेळ घेतली. ती पुढच्या मंगळवारची मिळाली. मग तिने खणातून मोजमापाचा व्हर्निअर काढून कात्रीवरचा कुंकवाचा पट्टा मोजला. तिचा अंगठा अठरा मिलिमीटर रुंद, आईचा सतरा. पट्टा सव्वीस भरला.

तिने हॉट प्रेसमधला डबा बाहेर न काढता त्याच्या झाकणावर कारखान्यातली सीलची पट्टी चिकटवली. ही पट्टी एकदा निघाली की पुन्हा बसत नाही. वर तारीख, वेळ आणि सही. शंका फेडायची तर पद्धतशीर फेडावी, असा तिचा स्वभाव होता.

गुरुवारी पहाटे सील जागेवर होतं. पण बेसिनच्या कडेला आईचं घड्याळ पडलेलं होतं, मिठाने पांढरं झालेलं. सिस्टर लोक गणवेशावर उलटं टाचतात ते घड्याळ. लग्नानंतरच्या पहिल्या पगारात बाबांनी घेतलेलं, मागे ‘विलासकडून’ असं कोरलेलं. निहारिकाने ते उलटून पाहायच्या आतच तिला माहीत होतं की ती अक्षरं नसणार. ती नव्हतीच. तिने घड्याळ खसाखसा पुसून पर्समध्ये घातलं आणि कामावर घेऊन गेली. दिवसभर पर्स लॉकरमध्ये होती, किल्ली गळ्यात होती. चारला घरी येऊन तिने घड्याळ काढलं तर त्याच्या काचेवर रुंद, ओला, लाल पट्टा होता.

आई बाहेरच्या खोलीत होती. शेल्फवरची बाबांची तसबीर हातात घेऊन ती पदराने काच पुसत होती.

"चांगला आहे हो चेहरा," आई म्हणाली. "कोण हे? तुझे ऑफिसातले?"

निहारिका जमिनीवर खाली बसली. पस्तीस वर्षांचा संसार. बाबांच्या शेवटच्या महिन्यात आईने रात्ररात्र त्यांचे पाय चेपले होते, आणि इथं येतानाही त्यांचा सदरा सामानात घडी करून आणला होता. आधी मीठ, मग कुंकू, आणि मग त्या वस्तूभोवतीचं सगळं आईच्या डोक्यातून साफ. तिच्या कामात तरी याहून निराळं काय असतं? आधी धुवायचं, मग निर्जंतुक करायचं, मग नवं लेबल. मात्र कारखान्यात ती सही करत असे. इथं सही कोणाची होती?

"रडतीस का गं?" आईने तिला जवळ घेतलं. "काय झालं, निहू?"

मी अजून आहे, निहारिकाच्या मनात आलं. मी अजून तिला आठवते.

५

शुक्रवारी तिने जुना फोन डाळीच्या बरण्यांमध्ये टेकवून स्वयंपाकघराकडे रोखला आणि कामावर गेली. रजा मिळाली असती तर घेतली असती, पण त्या दिवशी बाहेरचे तपासनीस येणार होते. साडेबाराला कँटीनमध्ये डबा उघडून तिने मोबाइलवर घरचं चित्र लावलं.

स्वयंपाकघरात चांगलं ऊन होतं. आई बेसिनपाशी उभी होती, स्वेटरच्या बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. ती हात धुत होती. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, पुन्हा नखं. थिएटरमध्ये शिरण्याआधी धुतात तसे, शांतपणे, पाचेक मिनिटं. मग तिने दोन्ही हात छातीसमोर वर धरले, पाणी कोपरांवरून खाली ठिबकू दिलं आणि वळून ओट्याशी उभी राहिली. ओट्यावर पांढरं फडकं होतं आणि त्यावर ओळीने मांडलेल्या नूलाच्या चार वस्तू. डबा सीलबंद असताना त्या बाहेर कशा आल्या, हा प्रश्न निहारिकाला फार नंतर पडला.

आईने चाकू उचलला. मूठ पुढे करून तिने तो उजवीकडे, चित्राच्या चौकटीबाहेर दिला. टप्प असा आवाज झाला. हत्यार सर्जनच्या तळव्यावर नीट बसलं की होतो तो आवाज. लहानपणी स्वयंपाकघरात चमचे देताना आई गमतीने तसाच आवाज काढायची. चाकू खाली पडला नाही. आईचा हात रिकामा परत आला.

"येस सर," आई म्हणाली.

मग पेला. टप्प. मग काठी. चौकटीबाहेर पाण्याचा आवाज येत होता, काहीतरी सावकाश धुतलं जात होतं. आई त्या बाजूला मान किंचित वर करून बघत होती, म्हणजे जे कोणी होतं ते तिच्यापेक्षा बरंच उंच होतं. मध्येच तिला काहीतरी विचारलं गेलं असावं. फोनमध्ये ऐकू मात्र काहीच आलं नाही.

"नाही सर, अजून नाही आली," आई अदबीने म्हणाली. "चारला येते."

कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं. निहारिका डबा तसाच उघडा टाकून पार्किंगकडे धावली.

६

ती पोहोचली तेव्हा आई सोफ्यावर बसून लोकर गुंडाळत होती. ओटा स्वच्छ, डबा हॉट प्रेसमध्ये, सील जागच्या जागी. "लवकर आलीस गं?" तिने विचारलं. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

निहारिकाने तिला कोट घातला, डबा डिकीत टाकला आणि गाडी मेनूथ गावाच्या दिशेने काढली. नूलाचं नर्सिंग होम तिथून जवळच होतं. आई बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर रमली. आत नूलाने सील फाडलं, झाकण उघडून आत पाहिलं आणि हात मागे घेतला. मीठ राखाडी झालं होतं.

निहारिकाने सगळं सांगितलं, पाटापासून कँटीनपर्यंत. आपण काय मूर्खासारखं बोलतोय असं तिला एकदाही वाटलं नाही.

"तुझ्या मॅमीने कुणाला बोलावलं?" नूलाने विचारलं.

"कुणाला म्हणजे? देवाला. असं कुणाला म्हणून नाही."

"नाव घेतलं का?"

"नाही. फक्त या, बसा म्हणाली."

नूलाने डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं. तिचा चेहरा पाहून निहारिकाला सगळं कळलं. उघडी पडलेली निर्जंतुक वस्तू म्हणजे पहिला जो हात लावील त्याची, हे ती स्वतः नव्या मुलांना दर महिन्याला शिकवत होती.

"जिने दार उघडलं तिनेच बाहेर काढायला हवं," नूला म्हणाली. "तिच्या तोंडाने. आजच्या आज, आपण दार उघडलं होतं हे तिला आठवतंय तोवर. पूजा नको, प्रार्थना नको, लांबण लावायची नाही. जा म्हणायचं आणि दार लावायचं. कळलं?"

"आणि ही हत्यारं?"

"इथून घेऊन जा." सत्तर वर्षांची ती खमकी बाई रडवेली झाली होती. "प्लीज, आधी ती इथून घेऊन जा."

निघताना आईने नूलाचा हात हातात घेतला, मराठीतच "येतो हं आम्ही" म्हणाली आणि तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

७

साडेपाचला अजून उजेड होता. निहारिकाने पाट मांडला, त्यावर चारही वस्तू ठेवल्या. आई कौतुकाने बघत होती.

"आज काय आहे?"

"दसऱ्याची पूजा हलवायची राहिली, आई."

"दसरा झाला?"

निहारिकाने फोनवरचा त्या दिवशीचा फोटो दाखवला. आई बराच वेळ त्याकडे बघत राहिली. खालचा ओठ दातात धरून, भुवया आक्रसून.

"हां," आई शेवटी म्हणाली. "शेवंतीची फुलं होती. मी म्हटलं, या, बसा."

निहारिकाने तिचे दोन्ही हात धरले. "आता त्यांना जा म्हण. बाकी काही नाही. फक्त जा."

"देवाला जा म्हणतात होय?"

"आई, तुझ्या पाया पडते. माझ्यासाठी म्हण."

लेकीचा चेहरा पाहून आई गंभीर झाली. तिने अक्षता घेतल्या, चारही वस्तूंवर टाकल्या, पाट उत्तरेकडे जरासा सरकवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "जा आता."

घरात काहीतरी बदललं. आठवडाभर फ्रिजची घरघर ऐकू येत नव्हती हे ती पुन्हा ऐकू आल्यावर निहारिकाच्या लक्षात आलं. तिने धावत जाऊन पुढचं दार सताड उघडलं. दाराला दसऱ्यापासून बांधलेली शेवंतीची माळ आतून बाहेर हलली. बाहेर वारा नव्हता. पायरीवरचं ओलं पान दबलं, वाटेवरची खडी एकेका पावलापुरती करकरली, आणि तळाशी फाटकाची कडी वर उचलली गेली. फाटक रस्त्याच्या बाजूला उघडू लागलं. निहारिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गेलं, खरंच गेलं. दार लावायला म्हणून तिने मुठीवर हात ठेवला.

आई तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली होती. पदर सावरून, हात जोडून, दारातून निघालेल्या प्रत्येकाकडे बघून हसते तशीच ती हसली.

"या हं परत," आई म्हणाली.

फाटक अर्ध्यावर थांबलं.

निहारिकाने दार आपटलं, दोन्ही कड्या लावल्या आणि पाठ लावून उभी राहिली. फाटक लागल्याचा आवाज आला. कोणत्या बाजूने लागलं ते तिला सांगता आलं नसतं.

८

त्या रात्री काहीही घडलं नाही. निहारिका आईच्याच खोलीत, तिच्या पलंगाला खुर्ची लावून बसली. आई शांत झोपली होती, फ्रिज घरघरत होता. बाराला तिला वाटलं, शब्दांत काय असतं? आधी जा म्हटलंय, ते गेलंय. दोनला वाटलं, आईच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि मनातलंच खरं मोजलं जात असणार. चारच्या सुमारास तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीत सकाळचं ऊन होतं आणि पलंग रिकामा होता. खाली स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज येत होते, आल्याच्या चहाचा वास येत होता. केवढं हायसं वाटलं तिला! तिने ओठांवरून जीभ फिरवली.

खारट.

तिने केसांना हात लावला. केस ओले होते, नीट विंचरून मागे घेतलेले. कपाळावर, भुवयांत, कानांच्या मागे बारीक खडे होते. मनगटं, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं घासून घासून लाल झालेलं. डाव्या ढोपरावर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण होता, आईने स्वतः तीन टाके घातलेले. ढोपर आता गुळगुळीत होतं.

ती जिन्यावरून कशी उतरली ते तिला कळलं नाही. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. पायांचा आवाज ऐकून ती वळली आणि हसली, पाहुण्यांकडे बघून हसते तशी.

"या ना. कुणाकडं आलात?"

"आई," निहारिका म्हणाली. "आई, मी. निहू. आई, बघ ना माझ्याकडे."

आईने खरंच पाहिलं. आपुलकीने, अगदी लक्ष देऊन पाहिलं, आणि तिला काहीच सापडलं नाही. मग तिची नजर निहारिकाच्या डोक्यावरून मागे गेली, वर, बरीच वर. ती ताठ झाली. दोन्ही ओले हात छातीसमोर आले, कोपरं अंगाशी.

"येस सर. पेशंट आलेत."

निहारिकाला वळायचं होतं, पण मान वळेना. मागून कपाळावर काहीतरी गार, ओलं आणि रुंद टेकलं आणि सावकाश वर सरकू लागलं. आई पुढे झाली. अडतीस वर्षं टेबलावरच्या अनोळखी माणसांना तिने ज्या आवाजात धीर दिला, त्याच मऊ आवाजात ती बोलली.

"घाबरायचं नाही हं. काही दुखत नाही. तुमच्याबरोबर घरचं कुणी आलंय का?"